मुक्काम कुठं पडणार?



वारीवर बोला, असं रेडिओ केंद्रातल्या ताईंनी सांगितलं तेव्हा आमच्यात आधी वादच झाला. एकीला रिंगण सांगायचं होतं, एकीला नीरेचं स्नान, एकीला वाखरीची गर्दी. आळंदी ते पंढरपूर म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटर आणि अठरा-वीस दिवस. वीस मिनिटांत ते मावायचं कसं? शेवटी ठरलं, एकाच दिवसाचं सांगायचं. पुणे ते सासवड. आणि टीव्हीवर दिसतं ते सांगत बसायचं नाही. रथ दिसतो, घोडा दिसतो, दिवे घाट माणसांनी पांढरा झालेला दिसतो. त्या माणसांतली बाई रात्री कुठं झोपली, पहाटे कुठं बसली, अंघोळ कशाच्या आडोशाला केली, हे दिसत नाही. आम्ही तेच सांगणार आहोत.

आम्ही म्हणजे आमच्या बचत गटातल्या अकरा जणी. गाव बालाघाटच्या डोंगरातलं. सगळ्यांत थोरली आजी, तिची ही कितवी वारी ते तिलाच मोजता येत नाही. सगळ्यांत धाकटी बावीस वर्षांची, लग्नाला दोन वर्षं झालेली. आमच्यात एक आशाताई आहेत आणि चौघी जणी दर दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या. वर्षभर महिन्याला दोनशे रुपये बाजूला टाकत गेलो आणि त्यातून दिंडीची भिशी भरली. ज्यांना भिशी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिंडीत चालणाऱ्यानं जेवणाखाणाचे, तंबूचे, ट्रकचे म्हणून जे पैसे द्यायचे ती भिशी. भिशी भरली की तुमचं बोचकं दिंडीच्या ट्रकमध्ये जातं, दोन वेळचं जेवण मिळतं आणि रात्री डोक्यावर छप्पर. छप्पर कसलं, ते पुढं येतंच.

आळंदीत धर्मशाळा आहेत. पुण्यात महापालिकेच्या शाळा, मंगल कार्यालयं, मंडळांचे हॉल. माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात दोन दिवस विसावते, आणि शहरभर जिथं पाठ टेकेल तिथं वारकरी. आम्ही एका शाळेत होतो. एका वर्गात चाळीस बायका, बाकं व्हरांड्यात रचलेली, फळ्यावर कुणा पोरानं काढलेली होडी तशीच राहिलेली. फरशी गार, पण भिंत होती, दाराला कडी होती, नळाला पाणी होतं. संडासाला रांग होती, तरी संडास होता. बाई माणसाला एवढं असलं की झोप लागते.

सासवडचं तसं नसतं. सासवडपासून पुढं आमच्या दिंडीचा मुक्काम राहुटीत. दिंडीची जागा वर्षानुवर्षं ठरलेली असते. पण त्या जागेत कुणाची राहुटी कुठं ठोकायची, हे ट्रकसोबत पुढं जाणारी माणसं ठरवतात. ती सगळी बाप्ये. त्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण त्यांना चुलवण हवं रस्त्याजवळ, ट्रक हवा चुलवणाजवळ, टाळकऱ्यांची राहुटी हवी महाराजांजवळ. मग उरलेल्या जागेत बायका. उरलेली जागा म्हणजे बहुतेक वेळा मागचा उतार, नाहीतर ओढ्याची कड. आजीनं आधीच्या वाऱ्यांचं सांगितलं होतं. एकदा सासवडला रात्री पाऊस आला आणि बायकांच्या राहुटीतून पाणी वाहिलं. सगळ्या जणी पहाटेपर्यंत बोचकी मांडीवर घेऊन बसल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांतल्या तिघींना ताप.

म्हणून दशमीच्या रात्री, पुण्यातल्या त्या शाळेच्या व्हरांड्यात, आम्ही दिंडीचालक महाराजांपुढं जाऊन बसलो. बोलायला आजीला पुढं केलं.

"महाराज, उद्या ट्रकवर आमच्या दोघी येतील."

"ट्रकवर? माउली, तिथं ओझी उचलायची असतात. लोखंडी नळ्या, मेखा, पातेली. बायकांचं काम नाही ते."

आमच्यातली एक ऊसतोडवाली मागं बसली होती. ती म्हणाली, "महाराज, डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढतो आम्ही. तुमच्या नळ्या मोळीपेक्षा जड हैत का?"

दोघं-चौघं हसले. महाराज हसले नाहीत. म्हणाले, "आजवर असं कधी झालं नाही."

मग आजी म्हणाली, "भिशी आमची निम्मी घेतली का तुम्ही?"

महाराज भले माणूस आहेत. थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "दोघीच. आणि पहाटे चारला ट्रकपाशी हजर पाहिजे."

मैत्रिणींनो, इथं आम्हाला जिंकल्यासारखं वाटलं, पण खरा पेच पुढंच होता. ट्रकवर जायचं म्हणजे त्या दिवशी चालायचं नाही. आणि तो दिवस घाटाचा. ज्येष्ठ वद्य एकादशी, तिसेक किलोमीटरची मजल, माउलींच्या वाटेवरचा सगळ्यांत मोठा पल्ला. वर्षभर ज्याची वाट बघितली तो दिवस ट्रकच्या फाळक्यावर बसून घालवायला कुणीच तयार होईना. त्यातून ज्या दोघी या कामाला सगळ्यांत लायक, त्यांतलीच एक अडलेली. थळात कोपी कुठं घालायची, पाणी कुठून वाहील, वारा कुठून येईल, रात्री एकटी बाई उठली तर कुठून दिसेल, हे तिला जसं कळतं तसं आम्हा कुणाला कळत नाही. वर्षातले पाच-सहा महिने ती पालातच राहते. पण तिचा लेक मागच्या साली काविळीनं दवाखान्यात होता तेव्हा ती नवस बोलली होती, आळंदी ते पंढरपूर सगळी वाट पायानं चालीन म्हणून.

ती काही बोलेना. आम्हीही तिला "जा" म्हणेना. असल्या गोष्टीत कोण कुणाला सांगणार? शेवटी आजीच म्हणाली, "वाट चालायची बोललीस ना? मग वाट काय आज रात्री कुणी गुंडाळून नेणार हाय का? सासवडला दोन रात्री मुक्काम. बारशीला मागं जा आन् चालून ये."

हे आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं. ती उठली आणि बोचकं बांधायला लागली. तिच्यासोबत दुसरी ऊसतोडवाली. चारच्या आधी दोघी ट्रकपाशी.

राहिलो आम्ही नऊ जणी.

पहाटे कर्णा वाजतो. पहिल्या कर्ण्याला आवराआवर, दुसऱ्याला दिंडी उभी करायची, तिसऱ्याला पालखी हलते. बायकांचा दिवस मात्र त्याच्याही आधी सुरू होतो, अडीच-तीनला. अंधार आहे तोवर सगळं उरकायचं म्हणून. शाळेत सोय होती, तरी सवयीनं सगळ्या तीनलाच जाग्या.

हडपसरपर्यंत शहरच. दोन्ही अंगाला माणसं उभी. कुणी राजगिऱ्याचे लाडू देतंय, कुणी केळी, कुणी साबुदाण्याची खिचडी, एकादशी ना. कुणी चपला शिवून देतंय, कुणी पायाला तेल लावतंय. एक कॉलेजची पोरगी आजीचे पाय दाबायला लागली तर आजीनं पाय ओढून घेतले आणि उलट तिलाच नमस्कार केला. वारीत हे असंच. पोलीस आपल्याला माउली म्हणतो, आपण त्याला माउली. "ए बाई, सरक" कुणी म्हणत नाही, "माउली, सरा" म्हणतात. कुणाची सून, कुणाची कोण, हे कुणी विचारत नाही. आमच्या धाकटीला त्याचंच फार नवल वाटत होतं.

हडपसरला दोन पालख्यांच्या वाटा फुटतात. तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरकडं जाते, माउलींची उजवीकडं सासवड रस्त्याला लागते. तिथून पुढं उन्हं तापायला लागली.

आता पाण्याचं सांगतो. हे नीट ऐका.

रस्त्यानं पाण्याला तोटा नव्हता. टँकर होते, बाटल्या वाटत होते, घागरी घेऊन माणसं उभी होती. आणि आमच्यातल्या बायका पाणी पीत नव्हत्या. बाप्या माणूस तांब्याभर पाणी पिऊन पुढं जातो, त्याला झाडाचं खोड पुरतं. बाई घोटभर तोंड ओलं करते आणि बाटली पिशवीत ठेवून देते, कारण पुढं जायची सोय कुठं आहे ते तिला माहीत नाही. आमच्यातल्या एक मावशी पहाटे तीनला उठलेल्या. एकादशी, पोटात चार शेंगदाणे आणि एक केळं. दुपारी वडकी नाल्याच्या विसाव्यापर्यंत त्यांनी पेलाभरसुद्धा पाणी घेतलं नव्हतं. आशाताईंनी विचारलं तर म्हणाल्या, "रात्री पिते की, अंधार पडल्यावर."

हे आपल्या घरातलंच आहे, वारीतच घडतं असं नाही. रानात कामाला जाताना, एसटीनं लांब जाताना, लग्नकार्यात, सगळीकडं आपण हेच करतो. आशाताई म्हणतात, लघवी गडद पिवळी झाली की समजायचं, अंगाला पाणी कमी पडतंय. फार वेळ धरून ठेवली की जळजळ, मग ताप. बाईची लघवीची नळी मुळातच आखूड, म्हणून तिला संसर्ग लवकर होतो. आणि उन्हात चालताना अंगात पाणी नसेल तर घाम येणं थांबतं, डोकं दुखतं, चक्कर येते. उष्माघात त्याच्याच पुढची पायरी.

वडकीच्या पुढं घाट. चढाला लागताना माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. खाली मस्तानी तलाव, वर वळणंच वळणं, आणि सगळा रस्ता टाळ-मृदंगानं भरलेला. खरं सांगायचं तर चढ चढताना पाय दुखत नाहीत. मागून नामाचा एवढा रेटा येतो की आपण चालतोय का वाहतोय ते कळत नाही. आमच्या धाकटीच्या डोक्यावर तुळस होती, ती तर नाचतच होती.

तिसऱ्या का चौथ्या वळणाला मावशी खाली बसल्या. बसल्या म्हणजे पाय मुडपलेच. ओठ पांढरे, हात गार. आम्ही चौघींनी पदराची सावली धरली, दोघी पुढं पळाल्या. वाटेत आरोग्याचा तंबू होता तिथं त्यांना नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली, आणि विचारलं, "सकाळपासून लघवीला कधी गेलात?" मावशींना आठवेना.

मग साखर-मिठाचं पाणी आलं, तर मावशी तोंड फिरवून म्हणाल्या, "एकादशी मोडेल." डॉक्टरीणबाई आमच्याकडं बघायला लागल्या. आजी पुढं झाली. म्हणाली, "साखर उपासाला चालती, मीठ चालतं, पाणी चालतं. तिन्ही एकत्र केल्यावर काय बाटलं? पी."

मावशी प्यायल्या. तास-दीड तास तिथं पडून राहिल्या आणि मग उठून चालायला लागल्या. आम्ही गाडीतून न्यायचं म्हणत होतो, डॉक्टरीणबाईंनी बघून सांगितलं, हळूहळू, दर थोड्या वेळानं पाणी पीत चाला. ते पाणी घरी कसं करायचं तेही इथं सांगून टाकतो. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. साखर-मीठ वाढवायचं नाही. दवाखान्यातली पुडी मिळाली तर ती चांगलीच.

त्या दिवसापासून आम्ही एक रीत लावून घेतली. शौचालय दिसलं की गरज असो-नसो थांबायचं. तिघींनी मिळून जायचं. एक आत, एक दार धरून, एक बॅटरी आणि पाण्याची बाटली घेऊन. गेल्या काही वर्षांत वारीच्या वाटेवर फिरती शौचालयं पुष्कळ वाढलीत, हे खरं आहे आणि चांगलं आहे. राज्य महिला आयोगाच्या आरोग्य वारीतून बायकांसाठी पॅडची सोय होते, अंगावर पाजणाऱ्या बाईला बसायला हिरकणी कक्ष असतो. पण रांगेतल्या शेवटच्या शौचालयापाशी दिवा नसेल आणि कडी तुटलेली असेल, तर बाई तिथं जात नाही. ती पाणीच पीत नाही. मोजणाऱ्याच्या कागदावर शौचालय असतं, बाईच्या हिशेबात नसतं.

घाटातलं आणखी एक राहिलं. घाट संपला आणि झेंडेवाडीच्या विसाव्याला धाकटीनं आशाताईंच्या कानाला लागून सांगितलं, पाळी आली. पंधरा दिवस लवकर. चालण्यानं, दगदगीनं होतं असं.

आमच्यातल्या दोघींनी निघायच्या आधी पाळी लांबवायच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून आणल्या होत्या. आशाताईंनी त्यांना आळंदीतच दवाखान्यात नेलं होतं. एकीला डॉक्टरांनी गोळ्या घ्यायला परवानगी दिली. दुसरीच्या पायाच्या शिरेत मागं कधीतरी रक्ताची गाठ झाली होती, तिला साफ मनाई केली. अशा गोळ्या तसल्या बाईच्या जिवावर बेतू शकतात. लिव्हरचा आजार असेल तरी धोका. सणावाराला, सत्यनारायणाला, लग्नाला आपण सर्रास शेजारणीच्या सांगण्यावरून घेतो, म्हणून मुद्दाम सांगतोय.

तर धाकटी रडायला लागली. डोक्यावर तुळस होती तिच्या. आजीनं काही न बोलता वृंदावन तिच्या डोक्यावरून उतरवलं आणि आपल्या डोक्यावर घेतलं. दिंडीतल्या एका बाईनं विचारलंच, "का हो, पोरीनं तुळस का दिली?" आजी म्हणाली, "मान आखडली पोरीची." आणि चालायला लागली.

यावर आमच्यात एकमत नाही. आशाताई म्हणतात, तुळस तिच्याच डोक्यावर ठेवायला हवी होती, पाळीत विटाळ कसला? आजी म्हणते, तुमचं खरं असेल, पण चारशे माणसांत त्या पोरीकडं बोटं दाखवली असती आणि ती घरी परत गेली असती. तिला पंढरपूरला न्यायची होती, म्हणून मी तुळस घेतली. धाकटीला विचारलं तर ती दोघींचं ऐकून गप्प बसते. वाद अजून चालू आहे, तुम्हीही तुमच्या गटात घाला. एवढं मात्र सगळ्या जणी मान्य करतो की तिला वाटेत पॅड बदलायला जागा मिळाली ती आम्ही धरलेल्या चादरीमागं. चार बांबू नाहीत, काही नाहीत, चौघींनी चार टोकं धरायची आणि तोंडं बाहेर करायची. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून पिशवीत ठेवायचं आणि कचऱ्याचा डबा दिसला की टाकायचं. शौचालयात टाकलं की ते तुंबतं, मग कुणालाच जाता येत नाही.

सासवड आलं तेव्हा दिवे लागून गेले होते. कऱ्हेच्या काठचं गाव, सोपानकाकांची समाधी तिथं आहे. रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. जो तो आपल्या दिंडीचा ट्रक शोधतोय. आम्हाला एकच धाकधूक, मुक्काम कुठं पडला असेल?

आमची ऊसतोडवाली रस्त्यापर्यंत सामोरी आली होती. हाताला धरून घेऊन गेली. बायकांच्या दोन राहुट्या जागेच्या मधोमध, उंचवट्यावर. चुलवण वाऱ्याच्या पलीकडच्या अंगाला, म्हणजे धूर आत येत नाही. राहुटीभोवती विळ्यानं चर ओढलेला. तोंडं एकमेकींकडं केलेली, म्हणजे एका राहुटीतली उठली की दुसरीतलीला दिसते. ट्रकची मागची बाजू आणि राहुटी यांच्यामध्ये ताडपत्री ताणून मोरी केलेली, खाली फरशीचे दोन तुकडे, शेजारी पाण्याचं पिंप. खांबावरच्या दिव्याचा उजेड शौचालयाच्या वाटेवर पडतो, मोरीवर पडत नाही. बघितलं तर साधं आहे. पण आजवर कुणी केलं नव्हतं.

"तिथल्या बाप्यांनी काही म्हटलं का?" आम्ही विचारलं.

"पयल्यांदा म्हनले. मग चर बघून तेच त्यांच्या राहुटीला बी मारा म्हनले. म्हटलं, विळा घ्या आन् मारा."

त्या रात्री आम्ही पहिल्यांदा दिवे लागल्यानंतर पोटभर पाणी प्यायलो आणि मध्यरात्री न घाबरता उठलो. मोरीत कोमट पाण्यानं सगळ्या जणींनी अंग धुतलं. एकादशीची भगर आणि दाण्याची आमटी होती. इरावती कर्वे यांचा 'वाटचाल' नावाचा लेख आमच्यातल्या एकीनं वाचला आहे. सत्तरेक वर्षांपूर्वी त्या वारीत चालल्या तेव्हा एकाच दिंडीत ब्राह्मणांचा स्वयंपाक वेगळा आणि मराठ्यांचा वेगळा होता, त्यांना ते फार लागलं होतं. आता आमच्या दिंडीत पातेलं एक आहे, पंगत एक आहे. पथाऱ्या टाकताना मात्र कोण कुणाशेजारी झोपतं, हे बघितलं की अजून कळतं. आम्ही अकरा जणी चार जातींच्या. एकाच ताडपत्रीवर ओळीनं झोपतो, आणि कुणी बघायला लागलं तर बघू देतो.

जेवणाआधी समाजआरती बघायला गेलो. बघितली नसेल तर एकदा बघाच. तळावर सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. हजारो टाळ वाजत असतात. चोपदार हातातला दंड वर करतात आणि एका क्षणात सगळं शांत. इतकं शांत की लांबचं पोर रडलेलं ऐकू येतं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ थांबवत नाही, वाजवत राहते. मग चोपदार तिच्याकडं जातात आणि तक्रार ऐकून घेतात. त्यानंतर हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू सांगतात, पुढची निघायची वेळ सांगतात, आणि आरती. आशाताई हळूच म्हणाल्या, "ग्रामसभेत आपल्याला असा टाळ द्यायला पाहिजे." तेवढ्यात कुणाचा तरी चष्मा सापडल्याचं पुकारलं आणि आम्ही हसू दाबत उभ्या राहिलो.

दुसरा दिवस द्वादशी. बारस सोडायची, कपडे धुवायचे, पायाचे फोड फोडायचे नाहीत, नुसते स्वच्छ करून फडक्यानं बांधायचे. सोपानकाकांची पालखी त्याच दिवशी सासवडहून निघते, ती बघायची. सगळे आराम करणार. आमच्या दोघी मात्र उजाडायच्या आत भाकरी बांधून निघाल्या. एसटीनं मागं जाऊन थेट पुण्यात, जिथून ट्रकवर चढल्या होत्या तिथं. महाराजांनी सांगून बघितलं, "माउली, ट्रकवरची सेवा हीच वारी. याची गरज नाही." ती म्हणाली, "महाराज, तुमचं बरोबर हाय. पन बोललेली मी हाय." नवस एकीचाच होता. दुसरी नुसती सोबतीला.

घाट पुन्हा गाड्यांना सुरू झाला होता. टाळ नाही, मृदंग नाही, पाणी द्यायला कुणी उभं नाही. ट्रक अंगावरून जात होते, म्हणून दोघी कडेच्या मातीतून चालल्या. घाटात एका रसवंतीवाल्यानं विचारलं, "पालखी काल गेली, तुम्ही मागं कशा राहिलात?" तर ही म्हणाली, "मागं नाय राहिलो, पुढं जाऊन आलो."

रात्री साडेआठला दोघी राहुटीत आल्या. धाकटीनं पाणी तापवून ठेवलं होतं. महाराज स्वतः उठून आले, काही बोलले नाहीत, वाकून नमस्कार केला, वारीत सगळे करतात तसाच. मग त्यांनी उद्या जेजुरीला ट्रकवर कोण जाणार म्हणून विचारलं. मावशी म्हणाल्या, "मी जाते, माझी चक्कर अजून उतरली नाही." पंढरपूरपर्यंत रोज दोघी, पाळीपाळीनं, ट्रकवर गेल्या. दिंडीच्या वहीत आता तसं लिहिलेलं असतं, स्वयंपाकाला अमके, पाण्याला अमके, राहुटीला दोन माउली.

पुढच्या वारीची नावं आम्ही चैत्रात घेतो. भिशीचे पैसे आतापासून टाकायला लागलात तर जड जात नाहीत. आपापल्या गावाच्या दिंडीतून जाणार असाल तर निघायच्या आधी महाराजांना तीन गोष्टी विचारा. ट्रकवर बाई आहे का, बायकांच्या राहुटीत दिवा आहे का, मोरीला ताडपत्री कुणी आणायची. आमच्याबरोबर यायचं असेल तर आशाताईंना भेटा. सोबत एक जुनी चादर, बॅटरी, विळा आणि झाकणाची पाण्याची बाटली हवी. विळा विसरू नका, सासवडला तो फार जण मागतात.

राम कृष्ण हरी.